नानकटाईवरची पिठीसाखर

गेल्या ईदला खांबच्या आमच्या घरी एक छोटासा वाद झाला. माझी भाची बारावीत शिकते. तिनं चाँदरातीला घरच्या ओव्हनमध्ये नानकटाई केली. कागद चंद्रकोरीच्या आकारात कापला, तो नानकटाईवर ठेवला, वरून चहाच्या गाळणीतून पिठीसाखर भुरभुरली आणि कागद अलगद उचलला. बदामी रंगाच्या नानकटाईवर पांढरा चाँद उमटला. पोरं खूश झाली.

ईदच्या सकाळी नमाजनंतर गळाभेटीला आलेल्या एका बुजुर्गांनी, म्हणजे नात्यानं आमच्या चाचांनीच, ते ताट पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, हे तर नाताळचं आहे. आपल्या ईदला शीरखुर्मा पुरे."

"चाचा, चाँद नाताळचा कसा होईल?"

"चाँद नाही गं, वरची ती पांढरी साखर. टीव्हीवर दाखवतात ना, बर्फ पडल्यासारखी."

सगळे हसले. चाचा प्रेमळ माणूस, त्यांच्या मनात राग नव्हता. पण पोरीनं ताट उचलून आत नेऊन ठेवलं. संध्याकाळी मला म्हणाली, "मामू, तुम्ही इतिहासाचं लिहिता ना? मग सांगा, पिठीसाखर कोणाची?"

तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. नीट उत्तर आता लिहितो आहे. प्रश्न एका ताटापुरता वाटला तरी तो तेवढ्यापुरता नाही. हा पदार्थ आपला, तो त्यांचा, ही वाटणी हल्ली फार जोरात चालली आहे, आणि ती करणारे सगळ्याच बाजूंना आहेत.

सुरुवात शब्दापासून करू. आपला 'साखर' हा शब्द संस्कृत 'शर्करा'पासून प्राकृतातून आला. शर्करा म्हणजे मुळात वाळूचे खडे, कंकर. उसाचा रस आटवून जे कण मिळाले त्यांना हेच नाव पडलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांची यादीच आहे. हाच शब्द इराणात गेला आणि 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर' झाला, अरबांबरोबर स्पेनला पोहोचून 'अझुकार' झाला आणि शेवटी इंग्रजांचा 'शुगर' झाला. 'खंड'चं फारसीत 'कंद' झालं आणि त्यातूनच इंग्रजीतला 'कँडी' निघाला. उलट दिशेनंही शब्द आले. हिंदी-उर्दूत खडीसाखरेला 'मिसरी' म्हणतात, म्हणजे मिसरची, इजिप्तची. आणि साखरेला 'चीनी' म्हणतात, म्हणजे चीनची. त्या चीननं मात्र इसवी सन ६४७ मध्ये साखर करण्याची विद्या शिकायला आपली माणसं मगधात पाठवली होती. म्हणजे जगाला साखर दिली भारतानं, आणि भारतातच तिचं नाव पडलं 'चीनी'. साखर कोणाची या प्रश्नाची गुंतागुंत इथूनच सुरू होते.

आता ईदकडे येऊ. ईदुलफित्रच्या नमाजला निघण्यापूर्वी पैगंबर (स.) काही खजूर खात, तेही विषम संख्येत, असं हदीसमध्ये आलं आहे. म्हणजे ईदच्या सकाळी तोंड गोड करणं ही सुन्नत आहे, पण ते गोड खजुराचं. शीरखुर्म्यातला 'खुर्मा' म्हणजे खजूरच. त्याच्यातल्या शेवया आणि साखर मात्र मदिनेहून आलेल्या नाहीत. म्हणजे चाचांनी ज्या शीरखुर्म्याची बाजू घेतली, तोही खजुराला मुलखामुलखानं दिलेल्या जोडीतूनच तयार झाला आहे.

ईदला साखरेची चैन पाहायची असेल तर हजार वर्षांपूर्वीच्या काहिरात जावं लागेल. तिथं फातिमी खलिफांची सत्ता होती. खलिफा अल-अझीझ (कारकीर्द ९७५ ते ९९६) याच्या काळात 'दार अल-फित्रा' नावाचा सरकारी मुदपाकखाना उभा राहिला, असं मक्रीझी हा इजिप्तचा इतिहासकार सांगतो. ईदुलफित्रला लोकांना वाटायची मिठाई करणं एवढंच त्याचं काम, आणि तयारी रजब महिन्यापासून, म्हणजे ईदच्या दोन-तीन महिने आधीपासून चाले. नासिर खुसरो हा फारसी कवी-प्रवासी १०४९ च्या सुमारास काहिरात होता. खलिफाच्या ईदच्या दस्तरखानासाठी पन्नास हजार मण साखर लागते असं त्याला सांगण्यात आलं. (तो मण आपल्या मणापेक्षा बराच लहान.) त्या दस्तरखानावर संत्र्याच्या झाडासारखं एक झाड त्यानं पाहिलं. त्याच्या फांद्या, पानं, फळं, सगळं साखरेचं होतं.

इजिप्तमध्ये ईदला जी बिस्किटं करतात त्यांना 'कहक' म्हणतात. मैदा, भरपूर तूप, आत कधी खजूर तर कधी अक्रोड, वर साच्यानं किंवा चिमट्यानं काढलेली नक्षी, आणि गार झाल्यावर वरून पिठीसाखरेची जाड पखरण. तिथल्या जुन्या साच्यांवर खाणाऱ्याला शुक्र मानायला सांगणारी अक्षरं कोरलेली सापडली आहेत. असे साचे काहिराच्या इस्लामी कला संग्रहालयात जपून ठेवले आहेत. आणि गंमत अशी, की हेच कहक इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिश्चन नाताळला आणि ईस्टरला करतात. एका मोहल्ल्यात, एका पद्धतीनं, दोन सणांना. तिथं कोणी विचारत नाही की वरची पांढरी साखर ईदची की नाताळची.

तेव्हा युरोपात काय होतं? साखर औषधविक्याकडे तोळ्या-माशानं मिळायची. पुढं ती शंकूच्या आकाराच्या घट्ट ढेपेत येऊ लागली. पिठी हवी तर ढेप फोडायची, खलात कुटायची, कापडातून चाळायची. एवढा खर्च आणि एवढी मेहनत श्रीमंतांच्याच घरी शक्य होती. १७४७ मध्ये मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं बीटात तीच साखर असल्याचं दाखवलं, एकोणिसाव्या शतकात बीटाचे कारखाने उभे राहिले, साखर स्वस्त झाली, आणि मग कुठं सामान्य घरांतल्या नाताळच्या बिस्किटांवर साखरेचा बर्फ पडू लागला. म्हणजे टीव्हीवर दिसणारा तो बर्फ घरोघरी पोहोचून दोनशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

काहिरा दूर वाटत असेल तर आपल्या नदीकाठानं जाऊ. खांबहून हायवेनं कोलाडकडे निघालं की कुंडलिका लागते. तीच नदी पुढं रोहा आणि अष्टमीच्या मधून वाहत खाडी होते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. त्या मुखावर चौल. अल-मसूदी हा अरब इतिहासकार ९१६ च्या सुमारास ज्या 'सैमूर' बंदरात आला होता ते हेच चौल, असं अभ्यासक मानतात. तिथं सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यातले बरेच याच मातीत जन्मलेले आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. शिलाहारांचं राज्य होतं. कोकणी मुसलमान इथं कधी आले असं विचारणाऱ्यांना मी हाच दाखला देतो.

पुढं चौलच्या बंदरात पोर्तुगीज आले आणि १७४० पर्यंत राहिले. त्यांच्यातला दुआर्ते बार्बोझा यानं १५१६ च्या आसपास हिंदी महासागराच्या व्यापाराचं वर्णन लिहिलं. बंगालच्या साखरेबद्दल त्यानं जे नोंदवलं आहे ते आपल्या विषयाला नेमकं लागू पडतं. तिथं पांढरी साखर उत्तम होते, पण तिची ढेप बांधायची कला लोकांना येत नाही, म्हणून ते तिची भुकटीच कच्च्या कातड्यात शिवून जहाजावर चढवतात आणि देशोदेशी पाठवतात, असं तो म्हणतो. त्याला यात उणीव दिसली. मला यात पिठीसाखरेची कातडी पोती दिसतात.

चौलच्या समोर, खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथली ख्रिस्ती वस्ती आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलते. पेणला आणि रेवदंड्याला बेने इस्रायलींची सिनेगॉग आहेत. म्हणजे आपल्या या दोन-तीन तालुक्यांत दिवाळी, ईद, नाताळ आणि यहुद्यांचं नवं वर्ष, सगळ्यांची ताटं पूर्वीपासून शेजारी-शेजारी आहेत. आणि पिठीसाखर भुरभुरायची कला शिकायला इथं कोणी नाताळची वाट पाहत बसलं नव्हतं. दिवाळीचे चिरोटे आठवा. पदर सुटलेला गरम चिरोटा तुपातून काढायचा, निथळायचा आणि वर पिठीसाखर पेरायची. आमच्या शेजारच्या काकू फराळाचं ताट पाठवायच्या तेव्हा आम्ही पोरं आधी चिरोट्यावरची साखर जिभेनं टिपायचो आणि दादीच्या शिव्या खायचो.

आता नानकटाई. 'नान' म्हणजे फारसीत रोटी, आणि 'खताई' म्हणजे खताची, अर्थात उत्तर चीनची, असा अर्थ बहुतेक लावला जातो. आंबटपणाच्या खटाईशी तिचा संबंध नाही. नावात इराण आणि चीन, पण जन्म सांगतात सुरतेचा. सुरतेत डच वखार होती. वखारीतल्या लोकांसाठी पाव भाजणारी भट्टी डच गेल्यावर दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली, अशी तिथली परंपरा सांगते. पाव फुगवायला ताडी वापरत, म्हणून बरेच हिंदू-मुसलमान तो खात नसत. मग ताडी आणि अंडी वगळून, मैदा, तूप आणि साखर एवढ्यावर बिस्किट बेतलं गेलं. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातलं तर्कशास्त्र खरं आहे: ज्यात कोणालाच अडचण नाही असा पदार्थ सगळ्यांच्या घरी गेला.

आणि या पदार्थाचा जीव पिठीसाखरेत आहे. दाणेदार साखर तुपात विरघळत नाही, दाताखाली करकरते आणि भाजताना कडेला वितळून डाग पाडते. म्हणून ती दळून, मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायची. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसत राहायचं. पिवळं तूप पांढरं झालं, हलकं झालं, त्याचा ठिपका पाण्यावर तरंगला की झालं. मग मैदा, थोडा रवा किंवा बेसन, वेलची. गोळा चपटा करून मध्ये चारोळी दाबायची. आमची दादी अंगुस्तानानं, म्हणजे शिवणाच्या टोपणानं, वर गोल ठसा उठवायची. साखर दळायला आधी जातं होतं, मग मिक्सर आला. दादी मिक्सरची पिठी कधीच मान्य करत नसे. "गरम होते, गोळे धरते," म्हणायची.

ती बरोबर होती. साखर हवेतलं पाणी ओढते. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये म्हणूनच थोडं कॉर्नफ्लोर घालतात. कोकणात तर हा मोठाच प्रश्न. दिवाळी पाऊस संपल्यावर येते, पण ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस मागं सरकते आणि तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. २०१६ ची ईद जुलैच्या भर पावसात होती. तेव्हा वर पेरलेली साखर तासाभरात ओली होऊन नाहीशी व्हायची. पावसाळी ईदला साखर आत आणि उन्हाळी ईदला साखर वर, असा आमच्या घरचा अलिखित नियमच होता.

ही पांढरी साखर इथं सहज आलेली नाही. आपला मुलूख भाताचा आणि गुळाचा. जुन्या मराठीत आणि गुजरातीत शुभ्र साखरेला 'मोरस' म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले, पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणवतात. म्हणजे कोकणातल्या माणसानं तिकडं ऊस तोडायचा आणि त्याची साखर मोरस होऊन कोकणातल्या वाण्याकडे यायची. त्याआधी मॉरिशसच्या आणि वेस्ट इंडीजच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. आज महाराष्ट्रात कोयता घेऊन फडात राबणाऱ्या बायकांची कहाणीही आपण वर्तमानपत्रांत वाचली आहे. साखर पांढरी असली तरी तिचा इतिहास पांढरा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी आणि ऑस्ट्रियाची स्वस्त बीटसाखर इथं येऊ लागली. सरकारनं १८९९ मध्ये तिच्यावर जादा जकात बसवली. पुढं १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखर हाडांच्या कोळशानं शुद्ध केलेली असते, म्हणून ती धर्मबाह्य, असा प्रचार झाला. हिंदूंना गाईच्या आणि मुसलमानांना डुकराच्या हाडांचा संशय दाखवता येई. एकाच साखरेनं दोघांचाही धर्म धोक्यात आणला होता. १९३२ च्या कायद्यानं देशी कारखान्यांना संरक्षण मिळालं आणि ते भराभर वाढले. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्र साखरेचा प्रदेश झाला. तरी आमच्या वडिलांच्या पिढीनं साखर बरीच वर्षं रेशनकार्डावर, माणशी मोजून आणली. सणासुदीला जादा साखर मिळणार ही तेव्हा बातमी असायची. नानकटाईवर पिठी पेरणं म्हणजे त्या काळी पैसे पेरणं होतं.

आणि नानकटाई भाजायची कुठं? घरात ओव्हन नव्हते. आमच्याकडची माणसं पत्र्याच्या ट्रेमध्ये कच्ची नानकटाई रचून, वर जुनं वर्तमानपत्र झाकून एसटीनं बेकरीवर नेत. पहाटेचे पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरते, तीच आच नानकटाईला हवी. रमजानच्या शेवटच्या दिवसांत मुसलमान बायकांचे ट्रे, दिवाळीच्या आधी हिंदू बायकांचे. भाजणारा एकच. ट्रेवर खडूनं नाव लिहायचं. एकदा आमचा ट्रे कोणा जोशींकडे गेला आणि त्यांचा आमच्याकडे आला. दोन्ही घरांना दुसऱ्याचीच चव जास्त आवडली.

अलीकडे एका बेकरीवाल्यानं मला सांगितलं, "भाई, दिवाळीचे ट्रे कमी झाले." काही घरात ओव्हन आले म्हणून, हे खरं. पण काही जणांनी मोबाईलवर फिरणारे संदेश वाचून यायचं थांबवलं. एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी तर खालमानेनं कबूल केलं, "मुलगा नको म्हणतो." तिकडं मुंबईत उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवा सगळ्यांचीच, त्यामुळे त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. लाकडाची भट्टी जाईल, गॅसची येईल, नानकटाई टिकेल. पण एका भट्टीवर दोन सणांचे ट्रे लागण्याची सवय गेली तर ती कोणत्या इंधनानं परत आणायची?

म्हणून चाचांचा शेरा मला छोटा वाटला नाही. परक्यांचं अनुकरण करू नये, अशा अर्थाची हदीस ते मनात धरून होते हे मला माहीत आहे, आणि तिचा मी आदर करतो. पण इबादतीत अनुकरण वेगळं आणि ताटात वेगळं. आपण शेरवानीला, समोशाला, बटाट्याला कधी हा प्रश्न विचारत नाही. बटाटा तर पोर्तुगीजांनीच आणला. "हे नाताळचं" म्हणून ताट आत पाठवणारे आपले चाचा, आणि "ती मुसलमानाची भट्टी" म्हणून आईला थांबवणारा तो मुलगा, दोघंही आपापल्या परीनं आपलं काहीतरी वाचवू पाहतात. वाचत मात्र काहीच नाही. गल्लीत ताटं फिरायची थांबतात, एवढंच होतं.

इतिहास मला एवढंच सांगतो: सण धर्म देतो, पदार्थ मुलूख देतो. मगधची विद्या, इराणचा शब्द, काहिराची पखरण, सुरतेची भट्टी, मॉरिशसचा घाम आणि रोह्याच्या आसपासच्या बायकांचे हात, हे सगळं त्या एका नानकटाईत आहे. त्यातलं एकही काढलं तर उरलेलं बिस्किट कोणाचंच राहत नाही.

परवा चाचांकडे गेलो होतो. हे सगळं त्यांना सांगितलं. काहिराच्या साखरेच्या झाडाचं ऐकून त्यांना फार मजा वाटली. म्हणाले, "मग पोरीला सांग, पुढच्या ईदला कर. पण साखर जरा कमी. मला मधुमेह आहे."

भाचीला निरोप दिला आहे. सोबत दादीची एक सूचनाही दिली: नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय वर पिठी टाकायची नाही. गरमावर टाकली की साखर वितळते आणि चाँद दिसत नाही.